‘नंबर थ्री, क्लिअर्ड टू लँड’ : देशोदेशीच्या एटीसीच्या (विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलर मंडळींच्या) तऱ्हा

उजवी सीट | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. गेल्या रविवारच्या कट्ट्यावर खिडकीवालीताईंनी विचारलं, "जगभर सगळे पायलट इंग्रजीतच बोलतात, नियम एकच, मग तुला प्रत्येक देशात वेगळं काय वाटतं रे?" म्हटलं, पाच मिनिटांत सांगतो. मिसळ गार झाली तरी संपलं नाही.

थोडं माझ्याबद्दल. ॲरिझोनात उडायला शिकलो, २०० तास तिथेच भरले. मग परत येऊन डीजीसीएचे, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे पेपर, लायसन्स बदलणं वगैरे, आणि आता एका भारतीय कंपनीत मोठ्या विमानाच्या उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट. आखात, युरोप, मधूनच आग्नेय आशिया.

परत आल्यावर पहिला धक्का गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमध्ये बसला. ॲरिझोनात मी सकाळी उठून विमानाभोवती फेरी मारायचो, तेल-इंधन बघायचो आणि उडायचो. हवा चांगली असेल आणि डोळ्यांनी बघत उडायचं असेल, तर फ्लाइट प्लॅन द्यायची सक्ती नव्हती. इथे शंभर मैलांच्या क्रॉसकंट्री उड्डाणाला आधी फ्लाइट प्लॅन, मग एफआयसी नंबर, म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा, मग एडीसी नंबर, म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी. तो नंबर हातात येईस्तोवर इंजिनाला हात नाही. मी कुरकुरलो तर इन्स्ट्रक्टर सर म्हणाले, "अरे, ज्याचा नंबर नाही ते विमान हवाई दलाच्या पडद्यावर नुसता अनोळखी ठिपका असतं. तुला ठिपका व्हायचंय का?"

दुसरा धक्का उतरताना. अमेरिकेत पुढे दोन विमानं असली तरी टॉवर दहा मैलांवरच सांगून टाकतो, "नंबर थ्री, क्लिअर्ड टू लँड." पुढची दोन अजून हवेत! इथे पहिल्यांदा मोठ्या विमानतळावर आलो तर "कंटिन्यू ॲप्रोच", परत "कंटिन्यू ॲप्रोच", जमीन जवळ येतेय आणि हा काही बोलत नाही. मला वाटलं, विसरला बहुतेक. शेवटी पुढचं विमान धावपट्टीवरून बाहेर पडलं तेव्हा मिळाली परवानगी. शब्द तेच, पण त्यामागचं वचन वेगळं. तिकडे ‘क्लिअर्ड टू लँड’ म्हणजे तुझा नंबर लागलाय, पुढचं मी जमवतो. आपल्याकडे म्हणजे धावपट्टी आत्ता तुझी आहे.

इथे काही जाणकार आहेत हे माहीत आहे. भर घाला, चुका काढा.

---

खिडकीवाली | सोमवार, रात्री ११:१५

धागा काढलास, छान केलंस! मिसळीचे पैसे मीच दिले होते हे लिहायचं राहिलं.

दोन शंका. एक, ती परवानगी शेवटपर्यंत मिळालीच नाही तर? दोन, पुण्याहून निघताना "हवाई दलाच्या हालचालींमुळे उशीर" असं दर वेळी सांगतात. ते खरं असतं की कंपनीची थाप?

---

दर्यावर्दी | सोमवार, रात्री ११:५२

वाचतोय. आमच्याकडे बोटीवर बरं आहे, थांबायचं तर थांबता येतं.

---

निवृत्त मनोरा | मंगळवार, सकाळी ६:२०

खिडकीवालीताई, परवानगी नाही मिळाली तर उतरायचं नाही. इंजिनांचा जोर वाढवून परत वर, त्याला गो-अराउंड म्हणतात. प्रवासी घाबरतात, पण त्यात धोका असा काही नाही. उलट, न मिळता उतरणारा पायलट आम्हाला नको.

पुण्याबद्दल: थाप नसते. लोहगाव हे हवाई दलाचं तळ आहे, तिथलं नियंत्रण हवाई दलाकडे आहे. तुमचं प्रवासी विमान तिथे पाहुणं. गोव्यात दाबोळीला तेच, फक्त यजमान नौदल. आयएनएस हंसा तळावरच दाबोळीचं विमानतळ आहे, सकाळचे काही तास त्यांच्या सरावाला राखलेले असायचे. मुंबई, नागपूर मात्र विमानतळ प्राधिकरणाकडे. म्हणजे मुंबईहून पुण्याला जाताना तुम्ही अर्ध्या तासात एका खात्याच्या हातातून दुसऱ्या खात्याच्या हातात जाता. देश बदलायचीही गरज नाही.

मी तीस वर्षं कंट्रोलरच्या खुर्चीत काढली, नागपूर आणि मुंबई. उजवी सीट म्हणतो ते ‘कंटिन्यू ॲप्रोच’ मी किती लाख वेळा म्हटलं असेल कोण जाणे. विसरलेलो नसतो बाबा. मुंबईत दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी वापरात एकच. आणि तेवढ्या एकीवर दिवसाला हजाराच्या वर विमानं झाल्याचे दिवस आम्ही पाहिलेत. उतरणाऱ्या दोघांच्या मधल्या फटीत एक उडवायचं. पुढचा जरा रेंगाळला, वळण चुकला की मागच्याला वर पाठवा. तिथे आधीच वचन देऊन बसलो तर ते मागे घ्यायला श्वास पुरत नाही.

---

शंखासुर | मंगळवार, सकाळी ९:०५

आता येणार, "अमेरिकेत कसं सगळं भारी आणि आपल्याकडे कसे कागदी घोडे". चालू द्या.

---

सॅन मार्कोसची माऊ | मंगळवार, सकाळी ९:४८

शंखासुर, मी टेक्सासमध्ये छोटं सेस्ना उडवते, हौस म्हणून. भारी काय आणि काय नाही ते सांगते, मग ठरव.

इथे बहुसंख्य छोट्या विमानतळांवर टॉवरच नाही. कंट्रोलर नाही, कोणीच नाही. एक ठरलेली फ्रीक्वेन्सी असते आणि त्यावर प्रत्येकानं आपलं आपण ओरडायचं: अमुक विमानतळाच्या परिसरातले सगळे ऐका, मी उत्तरेकडून पाच मैलांवर, उतरायला येतेय. वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे विमानतळाचं नाव घ्यायचं, कारण तीच फ्रीक्वेन्सी आजूबाजूच्या चार गावांनाही असते. समोरून कोणी बोललं तर आपसात ठरवायचं, "तू आधी ये, मी मागे राहते." आपल्या गावाकडे अरुंद पुलावर दोन एसटी समोरासमोर आल्या की ड्रायव्हर जसे हात करतात ना, तसंच!

माझा आवडता प्रकार म्हणजे दिवे. रात्री अंधारात धावपट्टी दिसत नाही. मग माइकचं बटन पाच सेकंदांत सात वेळा दाबायचं. टक टक टक… आणि खाली काळोखात एकदम सगळी धावपट्टी उजळते. पाच वेळा दाबलं तर मध्यम, तीन वेळा तर मंद. माझी सासू पहिल्यांदा बरोबर होती, ती म्हणाली "अगं बाई, दिवाळी!"

भारी नाही ते असं की कोणी चुकीच्या फ्रीक्वेन्सीवर असेल किंवा ज्याच्याकडे रेडिओच नसेल (जुन्या विमानांना अशा ठिकाणी सक्ती नाही), तो तुला ऐकूच येणार नाही. डोळे हीच रडार.

---

उजवी सीट | मंगळवार, दुपारी १:३०

माऊताई, ते दिव्यांचं मी विसरलोच होतो. गोंदियात सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसला नव्हता.

शंखासुर, कागदी घोडे म्हणून नाही लिहिलं हो. अमेरिकेला दोन बाजूंना समुद्र आणि उरलेल्या दोन बाजूंना मित्र. आपली सरहद्द कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. बाहेरून भारताच्या हद्दीत येतानासुद्धा आधी बोलावं लागतं. मस्कतहून येताना सीमेच्या दहा मिनिटं आधी मुंबईला हाक मारायची, आपण कोण, कुठून, एडीसी नंबर काय ते सांगायचं.

---

भाषाभगिनी | मंगळवार, दुपारी ३:१०

मला तांत्रिक काही कळत नाही, पण भाषेचं सांगा. सगळे इंग्रजी बोलतात म्हणता, पण कोणाचं इंग्रजी? पुण्यातल्या दोन माणसांचं इंग्रजी एकमेकांना कळत नाही, मग हवेत कसं कळतं?

---

निवृत्त मनोरा | मंगळवार, सायंकाळी ५:४५

प्रश्न अगदी वर्मी लागला. इंग्रजीचे दोन थर आहेत. एक ठरीव वाक्यांचा, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या म्हणजे आयकाओच्या पुस्तकातला. त्यात शब्द मोजके, अर्थ एकच. दुसरा साधा इंग्रजीचा, जेव्हा काहीतरी वेगळं घडतं आणि पुस्तकात वाक्य नसतं तेव्हा लागणारा. घोळ बहुतेक दुसऱ्या थरात होतात. म्हणून मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या पायलटला आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या कंट्रोलरला इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते.

पण पहिला थरही एकसारखा नाही. साधी गोष्ट: धावपट्टीवर येऊन उभं राहायचं, उडायचं नाही. जगभर यासाठी ‘लाइन अप अँड वेट’. अमेरिकेत मात्र ३० सप्टेंबर २०१० पर्यंत ‘पोझिशन अँड होल्ड’ होतं. बाकीच्या जगात ‘होल्डिंग पोझिशन’ म्हणजे धावपट्टीच्या बाहेरची रेघ! एकाच शब्दाचे दोन अर्थ, एक रेघेच्या आत आणि एक रेघेच्या बाहेर. विचार करा.

आकडे सांगायची तऱ्हाही वेगळी. इंग्लंडमध्ये ‘फ्लाइट लेव्हल वन हंड्रेड’ म्हणतील, दुसरीकडे ‘वन झीरो झीरो’. अमेरिकन माणूस ‘पॉइंट’ म्हणतो, आपण ‘डेसिमल’. ‘टू’ हा शब्द तर जीवघेणाच: ‘पर्यंत’ही तोच आणि ‘दोन’ही तोच. फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूरजवळ मालवाहू ७४७ उतरत होतं. कंट्रोलर म्हणाला, "डिसेंड टू फोर झीरो झीरो." त्याला २४०० फूट म्हणायचं होतं. कॉकपिटमध्ये ऐकलं ‘टू ४००’, म्हणजे ४०० फुटांपर्यंत. विमान टेकडीवर आदळलं, चारही जण गेले. तेव्हापासून आमच्या ट्रेनिंगमध्ये ही टेप म्हणजे पहिला धडा. ‘अल्टिट्यूड’ हा शब्द लावा, हजार-शेकडा पूर्ण म्हणा, ‘फीट’ म्हणा.

---

उजवी सीट | मंगळवार, रात्री ९:२०

काका, याच्यावर माझी एक भर. फ्रान्समध्ये फ्रेंच पायलटशी कंट्रोलर फ्रेंचमध्ये बोलतात. नियमात बसतं ते. जमिनीवरची भाषा किंवा इंग्रजी, दोन्ही चालतं. पण आम्ही तिथे जातो तेव्हा अर्धं संभाषण बहिऱ्यासारखं ऐकतो. पायलट फक्त स्वतःला दिलेली आज्ञा ऐकत नसतो. दुसऱ्याला काय सांगितलं त्यावरून डोक्यात एक नकाशा काढत असतो, की हा माझ्यापुढे आहे, तो धावपट्टीवर शिरतोय. भाषा कळली नाही की नकाशात भोकं पडतात.

पॅरिसच्या शार्ल द गॉलवर २५ मे २००० च्या रात्री हेच झालं. एका एमडी-८३ प्रवासी जेटला उड्डाणाची परवानगी फ्रेंचमध्ये मिळाली. त्याच धावपट्टीवर मधल्या फाट्यावरून आत शिरणाऱ्या छोट्या ब्रिटिश शॉर्ट्स विमानातल्या पायलटांना ती कळली नाही. पंख कॉकपिटला लागला, एक पायलट गेला. कंट्रोलरची समजूतही चुकली होती, त्याला वाटत होतं की शॉर्ट्स मागे आहे. पण त्या दोघांना फ्रेंच कळत असतं तर ते आत शिरले नसते, असं मला आजही वाटतं.

---

शंखासुर | मंगळवार, रात्री ९:४१

मग आपणही मुंबईत मराठीत बोलावं की.

---

निवृत्त मनोरा | मंगळवार, रात्री ९:५०

बोललो असतो हो. पण पलीकडचा पायलट कोचीचा आणि त्याच्या मागचा गुवाहाटीचा. आपल्याकडे इंग्रजीनंच सगळ्यांना एका पंगतीत बसवलंय. रागावू नका.

---

खिडकीवाली | बुधवार, सकाळी ८:३०

काका, उंचीचा एक प्रश्न. विमानात स्क्रीनवर कधी ३३,००० फूट असतं. माझी भाची शांघायला गेली तेव्हा म्हणाली ३३,१०० होतं. हे शंभर कुठून आले?

---

उजवी सीट | बुधवार, सकाळी ११:१०

वा ताई! हा प्रश्न इंटरव्ह्यूत विचारतात.

चीनमध्ये उंची मीटरमध्ये. कंट्रोलर म्हणणार १०,१०० मीटर. आमच्या विमानात उंची फुटांत लावायची असते. म्हणून त्यांनी तक्ता दिलाय: १०,१०० मीटर म्हणजे ३३,१०० फूट, १०,४०० म्हणजे ३४,१००. बरोब्बर गणित केलं तर ३३,१३६ येतं, पण स्वतः गणित करायचंच नाही, तक्त्यातलाच आकडा लावायचा. सगळ्यांनी एकच चूक केली की ती चूक राहत नाही! गंमत म्हणजे हाँगकाँग फुटांत चालतं. त्यामुळे हद्द ओलांडताना चढायचं किंवा उतरायचं. रस्त्यावर डावीकडून उजवीकडे जातात तसंच, फक्त उभ्या दिशेत. वाराही तिथे मीटर प्रति सेकंदात सांगतात, दुप्पट केला की साधारण नॉट्स होतात.

रशियाही मीटरवाला होता. २०११ च्या नोव्हेंबरात त्यांनी वरच्या उंचीला फूट घेतले.

आता खरी मेख ऐका. उंची मोजायचं यंत्र हवेच्या दाबावर चालतं, म्हणून उतरताना कंट्रोलर त्या गावचा दाब सांगतो. बहुतेक जगात तो हेक्टोपास्कलमध्ये, म्हणजे १०१३ वगैरे. अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत, म्हणजे २९.९२. समजा लंडनच्या पावसाळी दिवशी कंट्रोलर म्हणाला ‘नाइन नाइन टू’. थकलेल्या अमेरिकन पायलटनं सवयीनं २९.९२ लावलं. २९.९२ इंच म्हणजे १०१३. खरा दाब ९९२. फरक २१ हेक्टोपास्कल, म्हणजे जवळजवळ ६०० फूट. आणि वाईट दिशेला: यंत्र दाखवतं त्यापेक्षा विमान ६०० फूट खाली. म्हणून इंग्लंडमध्ये दाब हजाराच्या खाली गेला की कंट्रोलर मुद्दाम ‘हेक्टोपास्कल्स’ हा शब्द जोडतात.

एकच एकक असूनही चूक होते ती वेगळीच. मे २०२२ मध्ये पॅरिसला एका ए-३२० ला १००१ ऐवजी १०११ सांगितलं गेलं. ढगात, पावसात ते विमान धावपट्टीच्या अलीकडे जमिनीपासून फक्त सहा फुटांवर आलं होतं. पायलटांना दिवे दिसले नाहीत म्हणून ते वर गेले. नशीब.

---

दर्यावर्दी | बुधवार, दुपारी १२:०२

सहा फूट म्हणजे माझ्या केबिनचं छत.

---

गणपुले | बुधवार, दुपारी १२:४०

चरखी दादरीची टक्कर मीटर-फुटांच्या घोळानेच झाली होती ना?

---

निवृत्त मनोरा | बुधवार, रात्री ८:००

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. नीट लिहितो.

१२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं ७४७ चढत होतं, त्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. कझाकस्तानचं इल्युशिन-७६ दिल्लीकडे उतरत होतं, त्याला १५,००० वर. मध्ये हजार फुटांचं अंतर, कागदावर पुरेसं. इल्युशिन १५,००० च्या खाली घसरलं. ३४९ माणसं गेली, दोन्ही विमानांतलं कोणी वाचलं नाही. हवेतल्या टकरींत जगात यापेक्षा मोठी नाही.

मीटर-फूट म्हणून गोष्ट सोपी होते, म्हणून लोक तेवढंच सांगतात. खरं बरंच काही एकावर एक साचलं होतं. कझाक विमानात कंट्रोलरशी बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं, हीच तिकडची जुनी पद्धत. त्याच्यासमोर स्वतःचं उंचीचं यंत्र नाही, पायलटांच्या खांद्यावरून वाकून बघायचं. म्हणजे जो ऐकतो तो चालवत नाही, जो चालवतो त्याचं इंग्रजी कच्चं. आपल्या बाजूला काय? दिल्लीत येणारी-जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून, कारण बाकीचं आकाश हवाई दलाकडे. आणि रडार जुन्या प्रकारचं, ठिपका कुठे आहे ते दाखवणारं, किती उंचीवर ते न दाखवणारं. कंट्रोलरनं कझाक विमानाला समोरच्याबद्दल सांगितलंही होतं. त्याला पडद्यावर दिसत नव्हतं की हा खाली आलाय.

मी त्या संध्याकाळी मुंबईत ड्युटीवर होतो. बातमी आमच्यापर्यंत टेलिफोनवर आली. आधी कोणीतरी म्हणालं रडारवरून दोन ठिपके गेले. इतकंच. नंतर रात्रभर आम्ही नेहमीसारखी विमानं चालवली.

त्यानंतर येण्या-जाण्याचे पट्टे वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं आणि भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

---

खिडकीवाली | बुधवार, रात्री ८:२२

काका…

---

सॅन मार्कोसची माऊ | गुरुवार, सकाळी ७:१५

काकांचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटेना.

पण शंखासुर, तुला म्हटलं होतं ना, इथलं जे भारी नाही तेही सांगेन. इथली सगळी भिस्त डोळ्यांवर. पायलटनं "समोरचं विमान दिसतंय" म्हटलं की कंट्रोलर म्हणतो, "मग अंतर तूच राख." सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत अंतर फक्त ७५० फूट. तरी स्वच्छ हवेत दोन विमानं शेजारी शेजारी उतरायची, कारण दोघं एकमेकांना बघायची. म्हणून तर तेवढी विमानं उतरवणं जमायचं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये म्युनिकहून लुफ्तान्साचं ए-३५० रात्री आलं. त्यांच्या कंपनीचा नियम, रात्री डोळ्यांच्या भरवशावर अंतर राखायचं नाही. पायलटनं उपकरणांच्या साहाय्यानं उतरू द्या म्हटलं. कंट्रोलर म्हणे, त्यासाठी मोठी फट लागेल, थांबा. किती वेळ? बरंच. शेवटी विमान ओकलंडला गेलं, खाडीपलीकडे! त्यावर इंटरनेटवर जी भांडणं झाली, अमेरिकन पायलट विरुद्ध युरोपीय पायलट… मी तेव्हा ठामपणे कंट्रोलरच्या बाजूनं होते. "सगळे करतात, तुम्हालाच काय झालं?"

मग २९ जानेवारी २०२५. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर. रात्र. हेलिकॉप्टर म्हणालं, विमान दिसतंय, अंतर आम्ही राखतो. ६७ माणसं गेली. आता मी तेवढी ठाम नाही.

---

शंखासुर | गुरुवार, सकाळी १०:३०

माऊ, मी टोमणे मारले ते मागे घेतो. धागा चांगला चाललाय. एक खरा प्रश्न: मग आपल्याकडे डोळ्यांनी उतरण्याची पद्धत नाहीच का?

---

निवृत्त मनोरा | गुरुवार, सकाळी ११:५५

आहे की. पायलटनं मागितली आणि हवा स्वच्छ असली तर देतो. पण मोठ्या विमानतळांवर कमीच. मुंबईत धूर, धुकं, पावसाळ्यात तर काही दिसतच नाही.

आणि मुंबईला डोळ्यांचा जुना अनुभवही आहे! सांताक्रूझच्या, म्हणजे मुंबईच्या मुख्य विमानतळाच्या पश्चिमेला अगदी जवळ जुहूचा छोटा विमानतळ. जुहूची धावपट्टीही त्याच दिशेतली, पण लहान. जुलै १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट, तेव्हाचं नवंकोरं जेट, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ नं तेच केलं आणि ते धावपट्टी संपून पुढे गेलं. सुदैवानं कोणी दगावलं नाही, विमान मात्र कामातून गेलं. आमचे साहेब सांगायचे, जुहूचे लोक कितीतरी दिवस ते बघायला येत होते.

---

गणपुले | गुरुवार, दुपारी २:००

समुद्रावर काय करता? तिथे रडार नसतं ना.

---

उजवी सीट | शुक्रवार, पहाटे ४:५०

आत्ताच उतरलो, झोप येत नाहीये, तर लिहून टाकतो.

अटलांटिकवर तर वेगळंच जग. युरोप-अमेरिका वाहतूक भरती-ओहोटीसारखी: दिवसा सगळे पश्चिमेकडे, रात्री पूर्वेकडे. म्हणून रोज वाऱ्याप्रमाणे समांतर वाटा आखतात. दिवसाच्या वाटा आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूचं शॅनविक नियंत्रण केंद्र आखतं, रात्रीच्या कॅनडाचं गँडर. ठरलेल्या वेगानं, ठरलेल्या उंचीवर, एका वाटेवर एकामागे एक. आणि वाटेपासून एक-दोन मैल उजवीकडे सरकून उडायची मुभा. का? कारण जीपीएस इतकं अचूक झालंय की कोणी चुकून एकाच उंचीवर आलं तर दोघं बरोब्बर एकमेकांवर येतील. पूर्वी यंत्रं थोडी चुकायची, तेच वाचवायचं.

आफ्रिकेवर पायलटांनी आपली आपली सोय केलीय. काही भागांत कंट्रोलरचा आवाज पोचतच नाही. मग १२६.९ या फ्रीक्वेन्सीवर ठरावीक अंतरानं प्रत्येकानं हवेत सांगत राहायचं: मी अमुक, अमुक उंचीवर, अमुक ठिकाणाहून अमुक दिशेला. माऊताई, तुमच्या टेक्सासच्या टॉवर नसलेल्या विमानतळासारखंच, फक्त ३५,००० फुटांवर आणि मागे तीनशे माणसं. रात्री दीड वाजता असा एक अनोळखी आवाज आला, मग समोर दिवा लुकलुकला, हजार फूट खालून गेला. तो "गुड नाइट" म्हणाला, आम्हीही म्हणालो.

आपल्या अरबी समुद्राचं काकाच सांगतील.

---

निवृत्त मनोरा | शुक्रवार, सकाळी ७:०५

आमचा अरबी समुद्र म्हणजे एचएफ, लांब पल्ल्याचा रेडिओ. कढईत लसूण तडतडावा तसा आवाज, त्यातून शोधायचं कोण बोलतोय. पायलट दर ठरलेल्या बिंदूवर ‘मुंबई रेडिओ’ला हाक मारणार, आम्ही स्ट्रिपवर, म्हणजे त्या विमानाच्या कागदी पट्टीवर, वेळ लिहिणार. ठिपका नाही, पडदा नाही. एका वाटेवर, एका उंचीवर दोघांत दहा मिनिटांचं अंतर. पुढचा अमुक वेळेला होता, मागचा अमुक वेळेला, म्हणजे आत्ता तो इथे असणार. सगळं डोक्यात. शिफ्ट संपली तरी घरी जाताना लोकलमध्ये डोक्यात विमानं चालत राहायची. बायको म्हणायची, पानात वाढलंय ते आधी बघा.

आता उपग्रहावरून विमान स्वतःच जागा कळवतं, आज्ञा टाइप करून जातात. पण एचएफ काढलेलं नाही. आणि गरज आहेच. पाकिस्तानचं आकाश बंद झालं की, २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलै, आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून आपल्या कंपन्यांसाठी, दिल्लीहून युरोपला जाणारी विमानं गुजरातवरून खाली येऊन आमच्या समुद्रावरून जातात. पायलटाचा तास-दीड तास वाढतो, आमच्या स्ट्रिपा वाढतात.

---

भाषाभगिनी | शुक्रवार, सकाळी ९:१५

‘स्ट्रिपा’! काका, हे अनेकवचन मी वहीत लिहून ठेवलंय.

---

खिडकीवाली | रविवार, रात्री १०:०५

आज पुण्याहून दिल्लीला आले. सुटायला वीस मिनिटं उशीर. घोषणा झाली, "हवाई दलाच्या हालचालींमुळे". शेजारचे गृहस्थ म्हणाले, "थापा मारतात." तेवढ्यात दोन सुखोई कानठळ्या बसवत उडाले. मी त्यांच्याकडे बघितलं फक्त.

आणि उतरताना जमीन अगदी जवळ आल्यावर परत वर गेलो. मागच्या बाईंनी जपमाळ काढली. मी पण थोडी घाबरलेच, खरं सांगते, पण मनात म्हटलं, पुढचा वळण चुकला असणार. बरोबर ना काका?

---

निवृत्त मनोरा | सोमवार, सकाळी ६:१०

शक्य आहे. किंवा पुढच्यानं ब्रेक हळू लावले असतील. किंवा धावपट्टीवर कुत्रा. दिल्लीला नीलगायसुद्धा आली आहे.